‘हे जयते काय?’

मी राळेगावचा म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘म्हणजे अण्णा हजारेंचं?’ नाही हो. ते राळेगणसिद्धी, पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आमचं राळेगाव यवतमाळ जिल्ह्यातलं. यवतमाळहून निघायचं, वाटेत कळंबच्या चिंतामणीला हात जोडायचे आणि पूर्वेकडे येत राहायचं. पुढे वर्धा नदी लागते, ती ओलांडली की वर्धा जिल्हा. नदीच्या अलीकडे काळी जमीन आणि त्या जमिनीत कापूस. तालुक्याची ओळख विचाराल तर एवढीच.

कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड, बोटाएवढ्या जाडीचं, लाकडासारखं टणक. आमच्याकडे ती उपटतात, धुऱ्यावर तिचे ढीग लावतात. काही चुलीत जाते, काही कुंपणाला लागते आणि उरलेली उन्हाळ्यात शेतातच पेटवून देतात. एका हेक्टरातून दोन-तीन टन पऱ्हाटी सहज निघते. गुलाबी बोंडअळी आल्यापासून तर कृषिखातं दरवर्षी बजावतं की ढीग ठेवू नका, त्यात अळीचे कोष राहतात. म्हणजे ठेवायची सोय नाही आणि जाळली तर धूर.

माझ्या पुतण्यानं हीच पऱ्हाटी हेरली. तंत्रनिकेतनातून पदविका घेतली, काही वर्षं बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या यंत्रावर काढली आणि दोन वर्षांपूर्वी तो गावी परतला. त्याचा बेत असा : पऱ्हाटीचा भुगा करायचा, दुधाच्या पिशव्यांसारखं टाकाऊ प्लास्टिक वितळवून त्यात तो मिसळायचा आणि त्याच्या पाट्या दाबायच्या. लाकडासारख्या दिसतात, पाण्यानं फुगत नाहीत, वाळवी लागत नाही. दारं, फडताळं, आडोशाच्या भिंती, सगळं होईल. सागाचं दार आता कोणाला परवडतं?

पहिली पाटी तयार झाली तेव्हा तो ती कौतुकानं घरी घेऊन आला. नव्वदीला टेकलेली माझी आई ओसरीवर बसली होती. तिनं पाटीवरून हात फिरवला, नखानं टोकरून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, ‘काहून रे, हे जयते काय?’

‘जयते’ म्हणजे जळते. पुतण्या हसला. म्हणाला, ‘आजी, लाकूड आणि प्लास्टिकच आहे त्यात. जळेल नाही तर काय?’ आई काही बोलली नाही. तिनं पाटी बाजूला सारली.

तिचा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं.

१९६८ सालचा वैशाख. मी दहा वर्षांचा होतो. आमचा गोठा कुडाचा होता, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या. वर गवताचं छप्पर. शेजारी पऱ्हाटीचा ढीग. दुपारी कुठूनशी ठिणगी आली आणि पाहता पाहता गोठा पेटला. बैलजोडीतला उजवा बैल दावं न तुटल्यामुळे गेला. त्याचा आवाज मी आजही विसरलेलो नाही. पण राहतं घर वाचलं. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत त्या वर्षीचा कापूस भरलेला होता. भाव वाढेल म्हणून वडिलांनी तो थांबवून ठेवला होता. मधली भिंतही कुडाचीच होती. तिला आईनं दिवाळीला जाड लिंपण घातलं होतं. गोठ्याच्या ज्या बाजूंचं लिंपण झडलं होतं, त्या बाजू आगीनं खाल्ल्या. लिंपलेली भिंत काळी पडली, तडकली, पण उभी राहिली. गावानं विहिरीचं पाणी ओतून आग विझवली तोवर तिनं कापसाला झळ लागू दिली नाही. तो कापूस पेटला असता तर घर आणि वर्षाची कमाई दोन्ही गेलं असतं.

तेव्हापासून आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली की आई हाच प्रश्न विचारते. प्लास्टिकची खुर्ची आली तेव्हा विचारला, फोमची गादी आली तेव्हा विचारला. आणि मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

या वेळी उत्तर द्यायला मला अभ्यास करावा लागला.

आधी आगीचा हिशेब पाहू. एक किलो कोरडं लाकूड जळलं की साधारण १८ मेगाज्यूल उष्णता निघते. एक किलो पॉलिथीन जळलं की ४६ च्या आसपास. रॉकेलचा आकडाही जवळपास एवढाच. म्हणजे दुधाची पिशवी ही घन स्वरूपातलं रॉकेलच म्हणा ना! दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर पाटीच्या प्रत्येक किलोत ३२ मेगाज्यूल भरलेले असतात. शिवाय लाकूड जळताना त्यावर कोळशाचा थर धरतो आणि तो आतल्या लाकडाला थोडंफार सांभाळतो. पॉलिथीनला कोळसा धरत नाही. ते वितळतं, ठिबकतं, आणि ठिबकणारा थेंब पेटलेलाच असतो. तो खाली पडेल तिथे नवी आग.

याचं टोकाचं उदाहरण जगानं पाहिलं आहे. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली. इमारतीला बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे लावले होते आणि त्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथीन होतं. एका घरातल्या शीतकपाटापासून सुरू झालेली आग त्या पत्र्यांतून इमारतभर चढली. ७२ माणसं गेली. दिसायला चकचकीत, टिकायला उत्तम, किमतीला स्वस्त असा तो माल होता. ‘हे जयते काय?’ हा प्रश्न मात्र कोणी धसाला लावला नव्हता.

मग आगीला आवर घालणारं काही पाटीत मिसळता येईल का? येतं. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७३५ साली ओबाडिया वाइल्ड नावाच्या गृहस्थानं तुरटी, टाकणखार आणि हिराकस यांच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं होतं. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञानं नाटकगृहाचे पडदे पेटू नयेत म्हणून प्रयोग केले आणि अमोनियम फॉस्फेट व टाकणखाराचे गुण १८२१ साली मांडले. विसाव्या शतकात प्लास्टिक आलं आणि त्यासोबत ब्रोमीनयुक्त रसायनं आली. ती आग झटकन अडवतात. पण त्यांतली कित्येक नष्ट होता होत नाहीत. धुळीत, पाण्यात, माशांत आणि आईच्या दुधातही ती सापडू लागली. त्यांतल्या काहींवर स्टॉकहोम करारानं २००९ मध्ये आणि आणखी एकावर २०१३ मध्ये बंदी आणली. भारतानंही २०१८ च्या मार्चमध्ये नियम काढून अशा काही रसायनांना मनाई केली.

पुतण्यासाठी यात एक धडा होता. भंगारातलं काळं प्लास्टिक स्वस्त मिळतं. त्यात जुन्या टीव्हीच्या पाठी असतात, विजेच्या उपकरणांचे डबे असतात, आणि ही जुनी रसायनं त्यांच्यात बसलेली असतात. ती वितळवून पाटी केली की तेच विष नव्या रूपात घरात येतं. परदेशात अशा पुनर्वापराच्या प्लास्टिकमधून ती लहान मुलांच्या खेळण्यांत पोचल्याचं आढळलं आहे. मी त्याला म्हटलं, ‘काळ्या मालाला हात लावायचा नाही.’ त्यानं मान डोलावली. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते त्यानं जवळून पाहिलं आहे. रसायनाचा डबा उघडण्यापूर्वी दोनदा विचार करायला आमच्या लोकांना आता सांगावं लागत नाही.

मग दुसरी वाट शोधायची. आणि गंमत पाहा, ती वाट शेतातूनच जाते.

मी शाळेत एक प्रयोग करून दाखवत असे. चंचुपात्रात साखर घ्यायची आणि तिच्यावर तीव्र गंधकाम्ल ओतायचं. पांढरी साखर पिवळी होते, मग तपकिरी, आणि एकदम काळ्या कोळशाचा फुगीर खांब वर येतो. मुलं टाळ्या वाजवत. आम्ल साखरेतलं पाणी ओढून घेतं आणि मागे कोळसा उरतो. पऱ्हाटीतला सेल्युलोज हा साखरेचाच गोतावळा. तो तापला की त्यातून पेट घेणारे वायू निघतात आणि ज्योत त्यांच्यावरच जगते. पण त्याच वेळी जवळ फॉस्फरसचं आम्ल असेल तर ते सेल्युलोजमधलं पाणी ओढून घेतं. जो माल वायू होऊन ज्योतीत गेला असता, त्यातला बराचसा कोळसा होऊन जागच्या जागी बसतो. सोबत अमोनियासारखा न पेटणारा वायू सुटला तर कोळसा पुरणपोळीसारखा फुगतो आणि आतल्या मालावर पांघरूण धरतो. आईच्या लिंपणानं जे बाहेरून केलं, ते इथे आगीच्या वेळी आतून घडतं.

हा फॉस्फरस झाडाकडे असतो. बी रुजताना लागेल म्हणून झाड तो बियांत साठवून ठेवतं. त्या साठ्याचं नाव फायटिक आम्ल. त्याच्या वजनात सुमारे २८ टक्के फॉस्फरस असतो. तांदळाच्या आणि गव्हाच्या कोंड्यात ते सापडतं आणि सरकीच्या ढेपेतही. आमच्या गोठ्यात गाय ज्या घमेल्यात तोंड घालून बसते, त्या ढेपेत! २०१२ साली अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी फायटिक आम्ल आणि कायटोसान, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ, यांचे अतिशय पातळ थर सुती कापडावर एकावर एक चढवले आणि कापडाची ज्योत आवरली. त्यानंतर जगभर अनेक प्रयोगशाळा याच्या मागे लागल्या. लाकडातलं लिग्निन, झाडांच्या सालींतलं टॅनिन यांचाही कोळसा चांगला धरतो. बाभळीची साल आणि हिरडा कातडं कमावायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ते याच टॅनिनसाठी.

आपल्या महाराष्ट्रातही काम झालेलं आहे. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, ‘सिरकॉट’ या नावानं ओळखली जाते. १९२४ साली एक प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली. पऱ्हाटीपासून दाबलेल्या पाट्या करण्याचं तंत्र तिथं विकसित झालं. तिथल्या शास्त्रज्ञांनी केळीच्या खांबाचा रसही तपासला. घड काढल्यावर जळगावकडे खांबांचे ढीग पडतात, त्यांचा रस. सुती कापडाला आधी टॅनिक आम्ल आणि तुरटी लावली, मग हा रस पाजला. कोणत्याही वस्तूला जळत राहायला हवेत किमान किती ऑक्सिजन लागतो, याचा एक निर्देशांक असतो. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. साध्या सुती कापडाला १८ पुरतो, म्हणून ते भडकतं. रस पाजलेल्या कापडाचा आकडा ३० वर गेला. म्हणजे साध्या हवेत त्याला जळत राहणंच अवघड. रसातल्या पोटॅशियमसारख्या क्षारांची आणि फॉस्फेटची ही करामत.

हे वाचल्यावर हात शिवशिवले. परसातली एक केळ नुकतीच घड देऊन मोकळी झाली होती. खांब चेचून रस काढला, वडिलांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या तुरटीच्या पाण्यातून काढून त्या रसात बुडवल्या आणि उन्हात वाळवल्या. अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून, चिमट्यात धरून एकेक पट्टी पेटवली. साधी पट्टी दहा-बारा सेकंदांत राख. रसाची पट्टी कडेनं लालसर झाली, काळी पडली आणि काडी दूर नेताच विझली. पुतण्या ओरडलाच, ‘मोठे बाबा, झालं आपलं काम!’

मी म्हटलं, थांब. तशीच दुसरी पट्टी साध्या पाण्यात खळखळून धुतली, वाळवली आणि पेटवली. ती पहिल्या पट्टीसारखीच भसकन जळाली. क्षार पाण्याबरोबर निघून गेले होते. आमच्याकडे मृगाच्या पहिल्या पावसानं जे होईल, ते मी तांब्याभर पाण्यानं करून दाखवलं इतकंच.

मग त्यानं पऱ्हाटीचा भुगा तुरटी आणि रसात भिजवून, वाळवून, प्लास्टिकमध्ये मिसळला आणि पाटी केली. प्लास्टिकच्या वेढ्यात क्षार धुपणार नाहीत असा त्याचा हिशेब. काही अंशी बरोबरही होता. पण पट्टी पेटवल्यावर भुगा काळा पडून बसला आणि प्लास्टिक मात्र ठिबकत जळत राहिलं. दोघांपैकी एकच आवरला होता. (वाचकांनी हा प्रयोग घरात करू नये. जळत्या प्लास्टिकचा धूर वाईट. पीव्हीसी असेल तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. बाजारात या वर्गातली म्हणून मिळणारी बरीच दारं पीव्हीसीचीच असतात. ती सहजी पेटत नाहीत हे खरं, पण पेटत्या घरात त्यांचा धूर छातीत जातो. आगीत पुष्कळ माणसं ज्वाळेआधी धुरानंच जातात.)

आमच्या फसलेल्या पाटीचं उत्तर शास्त्रात आहे, पण ते फुकट नाही. प्लास्टिकलाही आवरायचं तर आम्ल, कोळसा देणारा पदार्थ आणि फुगवणारा वायू ही तिन्ही पुरेशा प्रमाणात हवीत. शंभर किलो मालात वीस-तीस किलो हेच घालावं लागतं. तेवढं घातलं की पाटी ठिसूळ होते. फायटिक आम्ल तसंच वापरलं तर ते दाबताना तापून भुग्यालाच खातं. म्हणून आधी ते अमोनिया, युरिया यांसारख्या पदार्थाशी जोडून सौम्य करावं लागतं. भुगा २०० अंशांपलीकडे करपतो, त्यामुळे सगळं त्याच्या आत उरकायचं. आणि ढेपेतून आम्ल शुद्ध करून काढण्याचा खर्च वेगळाच. ‘झाडापासून केलेलं’ म्हणजे स्वस्त आणि निर्धोक, असा एक गोड समज आहे. तंबाखूही झाडच असते. वनस्पतीजन्य रसायनाचा धूरही मोजावा लागतो आणि पाटी पावसात ठेवून, उन्हात तापवून पुन्हा पेटवून पाहावी लागते.

आमच्यात खरा वाद झाला तो मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. एका व्यापाऱ्यानं पुतण्याच्या पाट्या पाहिल्या. म्हणाला, यावर ‘अग्निरोधक’ असा शिक्का मारा, सगळा माल उचलतो. रस घातलेली पाटी साध्या पाटीपेक्षा सावकाश पेटते, मग शिक्क्यात खोटं काय? पुतण्यावर कर्ज आहे. यंत्राचा हप्ता दर महिन्याला येतो. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘मोठे बाबा, सगळेच मारतात.’

मी त्याला शास्त्र सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘कापसाच्या खोलीची भिंत तू या पाटीची करशील काय? आजीला त्या खोलीत निजवून?’

अजूनही आमच्या भागात भावाची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवतात. माणसं त्या गंजीशेजारी निजतात, दिवा तिथंच, विजेची उघडी तारही तिथंच. त्या घरच्या माणसानं ‘अग्निरोधक’ वाचून पाटी घेतली, तर तो ती नेमकी तिथंच लावणार. जिथं लावू नये तिथंच. शिक्का नसता तर निदान तो धाक बाळगून राहिला असता. प्लायवूडसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आगीला दाद न देणाऱ्या प्लायवूडला आयएस ५५०९ हा क्रमांक शोधता येतो. गिऱ्हाइकानं तो मागावा, आणि क्रमांक नसेल तर चाचणीचा कागद मागावा. दोन्ही नसेल तर नुसत्या शब्दाला किंमत देऊ नये.

पुतण्यानं शिक्का मारला नाही. व्यापारी गेला. आता तो पाट्या विकतो ते अंगणातल्या बाकांसाठी, रोपवाटिकेच्या मांडणीसाठी, पाण्याच्या टाकीच्या आडोशासाठी. प्रत्येक पाटीमागे खडूनं नाही, रंगानं लिहितो : ‘जळते. चुलीपासून आणि कापसापासून दूर ठेवा.’ खप बेताचा आहे. रसाचे प्रयोग त्यानं सोडलेले नाहीत. चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळांचे दर त्यानं मागवले आहेत, ते पाहून सध्या पैसे जमवतो आहे.

गेल्या महिन्यात सकाळी ओसरीवर आलो तर आई एका पाटीवर शेणमाती थापत होती. हात थरथरत होते, पण लिंपण नेहमीसारखं एकसारखं. मी काही बोललो नाही. दुपारपर्यंत माती वाळली आणि पापुद्रा सुटून सगळी खाली पडली. गुळगुळीत प्लास्टिकवर माती कशी धरणार? आईनं शांतपणे झाडू घेतला.

पुतण्या दारातून पाहत होता. तो पाटीजवळ उकिडवा बसला, तिच्यावरून हात फिरवला, पडलेला पापुद्रा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, ‘आजी, वरून खरखरीत दाबली, भुगा उघडा ठेवला, तर माती धरेल काय वो?’

आईनं झाडू ठेवला आणि उरलेल्या मातीचं घमेलं त्याच्याकडे सरकवलं.